नखाएवढा तालुका

निवडणुकीचे दिवस आले की माझ्या उजव्या अंगठ्याचं नख हुळहुळतं. दुखत नाही. झोपलेल्या माणसानं नुसते डोळे उघडावेत, तसं जागं होतं.

इथं दिब्रुगढला माझ्या खिडकीबाहेर सुपारीची झाडं आहेत, त्यापलीकडे चहाचे मळे, आणि आभाळ वर्षातले कितीतरी महिने ओलंच असतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे जण मोबाइलवर देशाचा नकाशा उघडून बसतात. बोट लावलं की मतदारसंघ मोठा होतो, आणखी एक बोट लावलं की मागच्या वेळचा रंग दिसतो. त्याच मोबाइलवर दुसरा नकाशा पावसाचा. कुठं वाढला, कुठं घटला. सगळं गुळगुळीत, चकचकीत. डबा खाता खाता मीही बघतो. पण माझं बोट आधी आमच्या भागावर जातं, बारामती, मग तिथून सरकत इंदापूर. तिथं पोचलं की जरा थांबतं, आणि मग मला अमोनियाचा वास येतो.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात तो वास माझ्या कपड्यांतून जातच नव्हता. बारामतीला एसटी स्टँडपासून थोडं आत, एका बोळात तात्यांचं दुकान होतं. तात्या पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. दुकानात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, प्रिंट काढायचं यंत्र, ज्याच्या अमोनियानं डोळ्यांतून पाणी यायचं. दुसरी, काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट लावलेलं. त्या काचेवर मूळ कागद ठेवायचा, वर ट्रेसिंग पेपर, आणि सुईसारख्या टोकाच्या पेनानं खालची रेघ वर घ्यायची. घरांचे प्लॅन, गटांचे नकाशे, पाटाच्या चाऱ्या. मी बावीस वर्षांचा होतो. हात स्थिर होता. मन तेवढं स्थिर नव्हतं.

कारण तात्यांना मी दहावी पास आहे असं सांगितलं होतं. खरं तर नववीच्या दिवाळीनंतर मी शाळेत गेलोच नव्हतो. दाखला दाखव, असं तात्या महिन्यातून एकदा म्हणायचे आणि मी महिन्यातून एकदा म्हणायचो, गावाकडं राहिलाय. प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडायचा. हे टेबल गेलं असतं तर मला दुसरं काही येत नव्हतं. सणसरला शेत होतं, पण आम्ही तिघे भाऊ, आणि खरं सांगायचं तर त्या उजेडाच्या काचेची मला सवय लागली होती. खालून उजेड येतोय आणि आपण फक्त रेघ सांभाळायची, एवढं सोपं जगणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मॅडम आल्या. कांबळे मॅडम, कॉलेजात भूगोल शिकवायच्या. मूळच्या लासुर्ण्याच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. हातात जाड गुंडाळ्या, खांद्याला पिशवी, आणि आल्या आल्या पहिलं वाक्य, "तात्या, मला देश काढून हवाय."

"केवढा?" तात्यांनी विचारलं, जणू कोणी सतरंजी मागितली होती.

"माणसाएवढा."

लोकसभेचे निकाल लागतील त्या आठवड्यात कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांना एक प्रदर्शन भरवायचं होतं. एका भिंतीवर पावसाचे नकाशे, समोरच्या भिंतीवर मतांचे. पाऊस कुठं किती पडतो तो एक. आधीच्या तीस वर्षांच्या मानानं नंतरच्या तीस वर्षांत कुठं वाढला, कुठं घटला तो दुसरा. आणि मतांमध्ये कुठले भाग वर्षानुवर्षं एकाच बाजूला राहिले, कुठले दर वेळी फिरले, कुठं माणसं मतदानाला जास्त आली, कुठं कमी.

"पावसाचा आन् मतांचा काय संबंध?" तात्या म्हणाले.

"संबंध आहे असं मी कुठं म्हटलं? दोन्हींवर आपण पारावर बसून सारखंच बोलतो, एवढंच. 'पूर्वी असा पाऊस नव्हता.' 'ह्या वेळी लाट हाय.' म्हटलं, एकदा भिंतीवर लावून बघू, आपण बोलतो तेवढं खरं आहे का."

हे वाक्य मला तेव्हा नीटसं कळलं नाही. पण मॅडमनी कागद उलगडला, आणि काचेखालच्या उजेडात सगळा देश उजळला तेव्हा मी पेन पुसायचं विसरलो, एवढं आठवतंय.

मग चैत्र-वैशाखाचे ते दिवस. बाहेर रस्त्यावर जीप फिरायच्या, भोंग्यातून घोषणा, चिन्हं रंगवलेल्या भिंती, दुपारी सगळं गाव उन्हानं पालथं पडलेलं. आत मी ठिपके देत बसलेलो. प्रिंटमध्ये रंग येत नाही, सगळं एकाच जांभळट निळ्यात उमटतं; म्हणून पाऊस ठिपक्यांनी दाखवायचा. जिथं जास्त तिथं ठिपके दाट, जिथं कमी तिथं विरळ. कोकणची पट्टी करताना मनगट भरून यायचं. घाटाचा माथा तर जवळजवळ काळाच झाला. मारवाडकडं गेलो की हाताला सुट्टी. तात्या मागून येऊन म्हणायचे, "बिरूशेठ, राजस्थानात लई वेळ लावू नका, तितं काय पडत न्हाय." मॅडमनी वैशाख पौर्णिमेला घरून खीर आणली होती, ती आम्ही प्रिंटच्या यंत्रापासून लांब, बोळात उभं राहून खाल्ली. आत खाल्ली असती तर खिरीलाही अमोनियाचा वास लागला असता.

घटत्या-वाढत्या पावसाच्या नकाशात मला एक गोष्ट खटकली. बराचसा देश मॅडमनी कोराच ठेवला होता.

"हे राहिलंय का?" मी विचारलं.

"नाही. तिथं खात्रीनं काही सांगता येत नाही. एखाद्या वर्षी वर, एखाद्या वर्षी खाली. खात्री नाही तिथं कोरं सोडायचं."

"लोक म्हणतील काम अर्धवट केलं."

"म्हणू देत की."

मला हे फार अवघड वाटलं. मी तर खात्री नसली की जास्तच ठिपके देणारा माणूस. भीती वाटली की बोलत सुटतो, दाखला गावाकडं राहिलाय म्हणतो, चुलत्यानं कपाटात ठेवलाय म्हणतो, कपाटाची चावी हरवलीय म्हणतो.

आणि मतांचा नकाशा. त्यात सुरुवातीला मॅडम मुद्दामच मागच्या निवडणुकीचा साधा नकाशा लावणार होत्या, जिथं जो जिंकला त्याचा रंग. मी नमुन्याच्या प्रिंटवर पेन्सिलीनं रंग भरले. वाळवंटातला एकच मतदारसंघ भरता भरता पेन्सिलीला दोनदा टोक करावं लागलं, आणि मुंबईच्या सहा जागा टोकाच्या एका टेकणीत संपल्या. तात्या चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"हे बघून वाटतंय की सरकार उंटांनी निवडलंय."

मॅडम हसल्या. "हेच दाखवायचंय. जमीन मत देत नाही, माणसं देतात." मग दुसऱ्या कागदावर प्रत्येक जागेला एकसारखा गोल काढायचा ठरलं, ज्वारीच्या दाण्याएवढा. वाळवंटात एक गोल एकटाच उभा राहिला. मुंबईला मात्र सहा गोल मावेनात. शेवटी मी ते समुद्रात काढले, एकामागे एक, होड्या लागाव्यात तसे.

त्या दिवसांत मी सुखात होतो. हे आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा फक्त दाखल्याची धाकधूक कळत होती.

मतदान झालं, मतमोजणी अजून व्हायची होती. पावसाचा मोठा नकाशा पुरा झाला. सोमवारी त्याची प्रिंट काढायची आणि मंगळवारी तो भिंतीवर चढवायचा होता. रविवारी मी सणसरला गेलो. आबा, म्हणजे माझे आजोबा, बांधावर बाभळीखाली बसले होते. त्यांच्यामागं ऊस, पायाशी चारीतलं पाणी. मेंढरं विकून त्यांना वर्ष झालं होतं, पण बसायचे ते अजून मेंढक्यासारखे, काठी मांडीवर आडवी आणि नजर लांब.

मी फुशारकीनं सांगितलं, "आबा, आख्ख्या देशाचा पाऊस काढलाय मी. आपला भाग लई चांगला आलाय. घाटापासून आपल्यापातुर सगळं दाट."

"कुठपातुर?"

"आपल्यापातुर. सणसर, लासुर्णं. पार इंदापूरच्या अल्याडपर्यंत."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं, दात नसलेलं, पसरट.

"हितं पाऊस पडतोय व्हय? कवापासनं?"

"मग हे काय?" मी चारीकडं बोट दाखवलं.

"ते पाणी हाय. पाऊस न्हाय." त्यांनी काठी उचलली आणि मातीत एक रेघ ओढली. रेघेवर टोकानं एकेक खळगा पाडत गेले. "ह्यो आपला मुक्काम. ह्यो फलटणीच्या वरचा. ह्यो नीरंचा. हितंपातुर घोंगडं कोरडंच. ह्यो भोरचा, हितं पहाटं घोंगडं दमट लागायचं. आन् मग घाट. खाली तळकोकणात सुगी झाली की आमी तितं बसायचो, श्यातकरी बोलवायचं, खताला मेंढरं बसवा म्हणायचं. पर मिरगाच्या आधी वर यायचंच. मागं ऱ्हायलं की संपलं. मेंढराला पाऊस सोसत न्हाय, खुरं कुजत्यात." काठी परत पहिल्या खळग्यावर आली. "हितं पाऊस असता तर आपल्या वाडवडलांनी हितं घर कशाला केलं असतं, येड्या? पाऊस न्हाय म्हणून तर आपण हितलं."

मी त्या खळग्यांकडं बघत राहिलो.

काय झालं होतं ते मला आठवलं. मॅडमच्या मूळ कागदाला बरोबर त्याच जागी घडी पडली होती. पेन्सिलीची रेघ घडीत पुसट झाली होती. तिथं मी विचारलं नाही, मॅडमनी सोबत दिलेला पावसाच्या आकड्यांचा तक्ता उघडून बघितला नाही. लहानपणापासून उसाच्या सरीत पाय बुडवून मोठा झालेला मी. माझ्या डोळ्यांना आमचा भाग ओलाच दिसत होता. मी रेघ सरळ पुढं नेली आणि आत ठिपके भरले. घाटावर पडणारा पाऊस मी पन्नास-साठ मैल उचलून आणून आमच्या दारात पाडला होता.

एसटीत बसून बारामतीला परत येताना डोक्यात एकच चक्र. एवढ्या मोठ्या देशात तो भाग नखाएवढा. कोण बघतंय? सांगितलं नाही तर कुणाला कळणार नाही. सांगितलं, तर तात्या विचारणार, तक्ता का नाही वाचला? आणि मग तो तक्ता मला वाचता येत नाही, इंग्रजी आकडे कळतात पण वरची इंग्रजी नावं लागत नाहीत, मी नुसती रेघेवरनं रेघ ओढतो, हे बाहेर येणार. मग दाखला. मग टेबल. वाटेत एका फाट्याला गाडी थांबली तेव्हा क्षणभर वाटलं, इथंच उतरावं आणि सोमवारी आजारी पडावं.

सोमवारी मी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. तात्या आले, मागोमाग मॅडम. मी नकाशा काचेवर पसरला, ट्यूब लावली आणि अंगठा ठेवून म्हणालो, "हितं चुकलंय." आणि मग मी थांबलोच नाही. घडी, ऊस, आबा, खळगे, आणि त्याच दमात, "मी दहावी पास न्हाय. नववीबी पुरी न्हाय. तक्ता मला लागत न्हाय."

मॅडम खाली वाकल्या, माझ्या अंगठ्याशेजारी स्वतःचं बोट ठेवलं.

"हे लासुर्णं," त्या म्हणाल्या. "मी शनिवारी हा कागद तपासला. ह्यावरनं माझी नजर गेली आणि मला काही खटकलं नाही. मीसुद्धा पाटाच्याच कडेची." त्या सरळ झाल्या. "आबांना प्रदर्शनाला घेऊन ये."

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "दहावी पास माणूस दुकानात आला की आधी खुर्ची बघतो. तू आधी झाडू बघितलास."

"मग दर महिन्याला दाखला का मागत होता?"

"बघत होतो, किती दिवस टिकवतोस. चुलत्याच्या कपाटाची चावी हरवल्याचं ऐकल्यावर तर मला पुढं काय होतंय त्याची उत्सुकता लागली होती." मग खिशातून ब्लेडचं पान काढून त्यांनी अर्धं मोडलं. "चल. बस हितं. शाई पुसत न्हाईत, खरवडत्यात."

त्या सकाळी मी जे शिकलो ते मला आजपर्यंत पोसतंय. ब्लेड उभं धरायचं नाही, तिरकं. दाबायचं नाही, कागदावरून फुंकर गेल्यासारखं ओढायचं. ठिपका एकदम जात नाही, आधी फिका होतो, मग उरतो त्याचा डाग, मग डागाची आठवण. पण खरवडलेली जागा खरखरीत होते, तिथं नवी शाई लावली की फुटते, केसासारखे फाटे निघतात. म्हणून मग अंगठ्याच्या नखानं घोटायचं. गोल गोल, हळूहळू, कागद परत गुळगुळीत होईपर्यंत. आमचा सगळा भाग मी असा नखानं घोटला, दुपारपर्यंत. घाटाकडची रेघ तात्यांनी तक्ता वाचून सांगितली, मी ओढली. मग आत ठिपके दिले. विरळ. अगदी विरळ. हात जड झाला होता, कारण प्रत्येक ठिपका न देताना वाटत होतं की उसाचं एकेक कांडं उपटतोय.

त्यानंतर तात्या रोज दुपारी अर्धा तास मला तक्ते वाचायला शिकवू लागले. झाडू मात्र मीच मारत राहिलो.

प्रदर्शनाला आबा धुवट धोतर नेसून आले. आत येताना चपला बाहेर काढून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मतांच्या भिंतीवर निकाल जसजसे रेडिओवर येत होते तसतसे मॅडमचे विद्यार्थी गोल रंगवत होते, तिथं गर्दी. पावसाच्या भिंतीपाशी पणदऱ्याचे एक बागायतदार हात मागं बांधून उभे.

"मॅडम, आमच्याकडं एवढा कमी दाखवलाय. मग ऊस काय हवेवर आला काय?"

"पाऊस भोरकडं पडला, बापू. तुमच्याकडं पाटानं नुसता मुक्कामाला आला."

लोक हसले, बापूही हसले. पण हसून झाल्यावर ते बराच वेळ त्या नखाएवढ्या विरळ जागेकडं बघत उभे होते. काय मनात आलं असेल कुणास ठाऊक. मला वाटतं, माणसाला आपलं हिरवेपण दुसरीकडच्या आभाळातून आलंय हे कळलं की तो थोडा गप्प होतोच.

आबांनी नकाशाला हात लावला नाही. बोट एक इंचावर धरून ते सणसरपासून निघाले, नीरा, भोर, घाट, खाली कोकण, आणि परत वर. मॅडम शेजारी उभ्या होत्या. "बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं. आबांनी आधी मान हलवली, मग म्हणाले, "बराबर हाय. आन् त्यो पल्याडचा कशाचा?"

पल्याडचा मतदानाला किती माणसं आली त्याचा होता. मॅडमनी समजावलं. विरळ ठिपके म्हणजे कमी माणसं आली.

"आमी कसं यायचं?" आबा म्हणाले. "उन्हाळ्यात आमी घाटाखाली न्हायतर वाटंवर. नावं हितं, माणसं तितं. ह्याच साली गावात हाय मी, तवा पयल्यांदा शिक्का मारला." आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट दाखवलं. नखावर शाईची रेघ होती. मॅडमनी पिशवीतून वही काढून काहीतरी लिहून घेतलं. आबांच्या बोटाला शाई, माझ्या अंगठ्याला शाई. जाताना एसटीत दोघांनी शेजारी शेजारी हात गजाला धरले होते ते मला अजून दिसतं.

दोन वर्षांनी मॅडमच्या ओळखीनं मला सर्वेक्षणाच्या कामावर पहिली बाहेरगावची नोकरी लागली. त्यांनी चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं की हा काय शिकलाय ते विचारू नका, काय काढतो ते बघा. तिथून एकेक गाव पुढं, आता इथं. पेन गेलं, काच गेली, सगळं पडद्यावर आलं. तात्या गेले. आबाही गेले. मी आजही काम सोपवताना तीनदा बघतो, आणि खात्री नसेल तर साहेबांना सांगतो, एवढं कोरं सोडलंय. पोटात खड्डा अजून पडतो. पण आता त्या खड्ड्याकडं मी आबांच्या काठीनं पाडलेल्या खळग्यासारखं बघतो. मुक्काम आहे, पुढं जाता येतं.

माझं नाव अजून सणसरच्या यादीत आहे आणि मी इथं. नावं हितं, माणसं तितं. ह्या वेळीही जाणं झालं नाही. मोबाइलवर आमच्या भागात किती माणसं आली ते दिसतं, त्यात एक ठिपका मी न दिलेला.

ती मूळ ट्रेसिंग तात्यांनी मला दिली होती. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ती सगळीकडं माझ्याबरोबर फिरली. काल पाऊस थांबून थोडं ऊन पडलं तेव्हा मी ती काढली आणि खिडकीच्या काचेवर धरली. कागद पिवळा पडलाय. कोकण काळं, घाट काळा. आणि मध्ये एक जागा, जिथं मी खरवडलं आणि घोटलं, तिथला कागद पातळ झालाय. बाकीच्या देशापेक्षा उजेड तिथून थोडा जास्त येतो.

मग मी धाकट्या भावाला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "पाऊस हाय का?"

"न्हाय," तो म्हणाला. "पर पाट सुटलाय."